अजिंठा लेणी दर्शन

अजिंठा लेणी ही महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात वाघोरा नदीच्या काठी असलेली बौद्ध लेणी आहेत. प्राचीन भारतीय भित्तिचित्रकलेचा सर्वांत महत्त्वाचा अवशिष्ट ठेवा येथे मूळ जागीच पाहावयास मिळतो. युनेस्कोने १९८३ मध्ये या लेण्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे.

अजिंठ्याची भेट व कलासंग्रहालयाची भेट यांत एक मूलभूत फरक आहे. संग्रहालयातील चित्र दुरुस्तीसाठी उतरवता येते, दुसऱ्या दालनात हलवता येते, हवाबंद काचेआड ठेवता येते. अजिंठ्याची चित्रे डोंगराच्या पोटातील मातीच्या गिलाव्यावर रंगविलेली असल्यामुळे त्यांच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नाही. येथे प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, आत थांबण्याचा वेळ मर्यादित असतो आणि दर्शकाच्या श्वासातील बाष्पही चित्रांना अपायकारक ठरते. काय पाहावयाचे हे आधी ठरवून न आलेल्या प्रवाशाला बरेचदा काळवंडलेल्या भिंतींखेरीज फारसे काही दिसत नाही. त्यामुळे या भेटीचे पूर्वनियोजन दर्शकाच्या आणि चित्रांच्या, अशा दोघांच्याही दृष्टीने आवश्यक ठरते.

== स्थान ==

वाघोरा नदीने कोरलेल्या नालाकृती दरीच्या उभ्या कड्यात ही लेणी खोदलेली आहेत. कड्याची उंची सुमारे ७६ मीटर असून लेण्यांची रांग अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब आहे. दरीच्या टोकाशी नदी टप्प्याटप्प्याने खाली कोसळते. त्या ठिकाणाला सातकुंड म्हणतात.

लेण्यांना अजिंठा गावाचे नाव मिळाले असले तरी लेणी गावात नाहीत. अजिंठा गाव घाटमाथ्यावर, तर लेण्यांचा फाटा घाट उतरल्यावर फर्दापूर गावाजवळ आहे. बसने येणाऱ्या नवख्या प्रवाशांचा येथे हमखास गोंधळ होतो. छत्रपती संभाजीनगरहून येताना अजिंठा गाव आधी लागते. तेथे न उतरता घाट ओलांडून फर्दापूरच्या लेणी फाट्यावर उतरावे लागते. वाहकाकडे तिकीट मागतानाही 'अजिंठा' न म्हणता 'अजिंठा लेणी फाटा' असे म्हणणे सोयीचे ठरते.

== मार्ग व वाहतूक ==

छत्रपती संभाजीनगरपासून लेणी सुमारे १०० किलोमीटर, तर जळगावपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहेत. संभाजीनगरहून येणारा रस्ता फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा असा येतो. जळगावकडून येणारा रस्ता पहूरमार्गे फर्दापूरला पोहोचतो. दोन्ही शहरांतून राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या मिळतात. मुंबई, नागपूर किंवा उत्तर भारतातून रेल्वेने येणाऱ्यांना जळगाव किंवा भुसावळ ही स्थानके जवळची आहेत. केवळ अजिंठा पाहावयाचे असल्यास जळगावचा मार्ग कमी वेळाचा आहे. वेरूळ, दौलताबाद व बीबी का मकबरा यांसह प्रवास आखावयाचा असल्यास संभाजीनगर येथे मुक्काम करणे इष्ट.

खाजगी वाहने थेट लेण्यांपर्यंत जाऊ शकत नाहीत. धूर व धूळ यांपासून चित्रांचे रक्षण व्हावे म्हणून ती सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फाट्यावरील वाहनतळावर थांबविली जातात. तेथून महामंडळाच्या प्रदूषणविरहित बसने पायथ्याशी जावे लागते. या बससाठी थांबणे, पायथ्याला उतरून तिकीट घेणे आणि पायऱ्या चढणे यांत सहज पाऊण ते एक तास जातो. भेटीचे वेळापत्रक आखताना हा वेळ बहुधा विसरला जातो.

== वेळ, सुट्टी आणि ऋतू ==

लेणी साधारणतः सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० या वेळेत खुली असतात. दर सोमवारी लेणी बंद असतात. वेरूळ लेणी मंगळवारी बंद असल्याने दोन्ही स्थळे एकाच प्रवासात पाहणाऱ्यांनी वारांचा मेळ आधी घालावा. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम ठेवल्यास दोन्ही दिवस वाया न जाता उपयोगी पडतात. याच्या उलट क्रम ठेवल्यास दोन्ही दिवशी दार बंद असते. प्रवेशशुल्क भारतीय व परदेशी नागरिकांसाठी वेगवेगळे असून पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क पडत नाही. तिकीट पुरातत्त्व विभागाच्या संकेतस्थळावरूनही काढता येते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवामानाच्या दृष्टीने सुखावह असतो. मात्र शाळांच्या सहली व सलग सुट्ट्यांमुळे याच दिवसांत गर्दीही सर्वाधिक असते. पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये, दरी हिरवीगार होते आणि सातकुंडाचा धबधबा वाहू लागतो. या दिवसांत निसर्ग उत्तम दिसतो, परंतु ढगाळ हवेमुळे लेण्यांतील उजेड आणखी कमी होतो आणि दमट हवा आत शिरते. एप्रिल व मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या वर जाते व काळा कातळ तापतो. गर्दी मात्र कमी असते. निवांतपणे चित्रे पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी कोणत्याही ऋतूत शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधला दिवस निवडावा.

== लेण्यांचे क्रमांक आणि काळ ==

अजिंठ्यास एकूण ३० लेणी आहेत. त्यांपैकी २९ लेण्यांना प्रवेशाकडून दरीच्या टोकाकडे असे ओळीने क्रमांक दिले असून, नंतर उजेडात आलेल्या एका लेण्याला १५ अ हा क्रमांक मिळाला. क्रमांक केवळ जागेनुसार दिले असल्याने त्यांवरून काळाचा बोध होत नाही. ९, १०, १९, २६ आणि २९ ही चैत्यगृहे (प्रार्थनास्थाने) असून उरलेली बहुतेक विहार (भिक्षूंची निवासस्थाने) आहेत.

लेण्यांचे दोन कालखंड मानले जातात. पहिला कालखंड इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या व पहिल्या शतकांचा असून ९, १०, १२, १३ आणि १५ अ ही लेणी त्यात मोडतात. या काळात बुद्धाची मूर्ती घडविली जात नसे. स्तूप हेच पूजास्थान होते. दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर वासिठीपुत कटहादी या दात्याचा, तर बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचा ब्राह्मी लेख आहे.

दुसरा कालखंड इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळाशी निगडित आहे. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने खोदविले. सतरावे लेणे एका मांडलिक राजाच्या, तर सव्विसावे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूच्या दानातून झाले. या काळातील बहुतेक काम वीसेक वर्षांच्या अल्पावधीत झाले व नंतर अचानक थांबले, असे मत अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी मांडले. सर्वच अभ्यासकांना ते मान्य नाही. चोविसावे लेणे अर्धवट राहिलेले असून खोदकामाची पद्धत समजून घेण्यासाठी ते विशेष उपयुक्त आहे. लेण्यांतील शिलालेखांच्या वाचनात एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आणि विसाव्या शतकात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मोलाची भर घातली.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठी या भागात आला असता त्याला दहावे लेणे दिसले. परिसरातील रहिवाशांना लेणी ठाऊक होतीच. या घटनेनंतर ती बाहेरच्या जगाला ज्ञात झाली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. स्मिथने आपले नाव व तारीख दहाव्या लेण्यातील एका स्तंभावर, तेथील चित्रावरच कोरली. त्या वेळी लेण्यात राडारोडा साठून जमीन वर आलेली असल्याने ती अक्षरे आज माणसाच्या डोक्याहून उंचावर दिसतात.

== दर्शनाचा आराखडा ==

सर्व लेणी धावत पाहण्यास तीन तास पुरतात. चित्रांसह समजून पाहावयाची असल्यास किमान पाच ते सहा तास, म्हणजे पूर्ण दिवस द्यावा. भेटीचे तीन क्रम संभवतात.

'''क्रमांकानुसार दर्शन''' : पहिल्या लेण्यापासून सुरुवात करून सव्विसाव्यापर्यंत जाणे. बहुतेक गट हाच क्रम पाळतात. त्यामुळे सकाळी दहा ते बारा या वेळेत पहिल्या व दुसऱ्या लेण्यांसमोर रांग लागते. या क्रमाने पाहावयाचे असल्यास दार उघडताच प्रवेश करणे श्रेयस्कर.

'''कालानुक्रमे दर्शन''' : प्रथम नववे व दहावे लेणे, नंतर सोळा, सतरा, एकोणीस व सव्वीस आणि परतताना दुपारनंतर दुसरे व पहिले लेणे. यात थोडे अधिक चालावे लागते. परंतु स्तूपापासून बुद्धमूर्तीपर्यंत झालेला प्रवास आणि चित्रशैलीतील बदल क्रमाने लक्षात येतात. पहिल्या लेण्यासमोरील सकाळची गर्दीही टळते. अभ्यासू दर्शकांसाठी हा क्रम सर्वांत उपयुक्त आहे.

'''निवडक दर्शन''' : वेळ कमी असल्यास किंवा फार चालणे शक्य नसल्यास १, २, १०, १६, १७, १९ व २६ ही सात लेणी पाहावीत.

या सात लेण्यांतील प्रमुख आकर्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

* '''लेणे १''' : मागील भिंतीवर गर्भगृहाच्या डावीकडे पद्मपाणी व उजवीकडे वज्रपाणी बोधिसत्त्व, डाव्या भिंतीवर महाजनक जातक, एका स्तंभशीर्षावर एकच मस्तक चार देहांना लागू पडावे अशा कौशल्याने कोरलेली हरणे.
* '''लेणे २''' : छतावरील नक्षी, बुद्धजन्माचे प्रसंग, बुद्धप्रतिमांच्या ओळी आणि हारिती व पांचिक यांचे उपमंदिर.
* '''लेणे १०''' : अजिंठ्यातील सर्वांत प्राचीन चित्रांपैकी काही; त्यांत श्याम जातक व षड्दन्त जातक. भिंतीवरील चित्रे पहिल्या कालखंडातील, तर स्तंभांवरील बुद्धप्रतिमा दुसऱ्या कालखंडातील आहेत.
* '''लेणे १६''' : पायऱ्यांशी कोरलेले हत्ती व नागराज, आत बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या प्रव्रज्येची कथा. त्यातील व्याकूळ स्त्रीचे चित्र 'मरणासन्न राजकन्या' या नावाने प्रसिद्ध आहे.
* '''लेणे १७''' : जातककथांची सर्वाधिक चित्रे, विश्वंतर, षड्दन्त, महाकपी, सिंहल अवदान, ओसरीत भवचक्र व आकाशगामी इंद्र, भिक्षापात्र घेतलेल्या बुद्धासमोर उभे असलेले यशोधरा व राहुल.
* '''लेणे १९''' : अत्यंत प्रमाणबद्ध दर्शनी भाग व चैत्यगवाक्ष.
* '''लेणे २६''' : डाव्या बाजूच्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीचे महापरिनिर्वाण शिल्प आणि त्याच भिंतीवर मारविजयाचा प्रसंग.

== चित्रे पाहण्याची पूर्वतयारी ==

=== तंत्र ===

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगविलेली नाहीत. कातळाचा खडबडीत पृष्ठभाग प्रथम मातीच्या गिलाव्याने झाकला जाई. या मातीत भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू व बारीक खडी मिसळलेली असे. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग वापरले जात. तांबडा व पिवळा गेरू, काजळी, पांढरी माती व हिरवट खनिज हे रंग स्थानिक साधनांतून मिळत. निळ्या रंगासाठी वापरलेला लाजवर्द मात्र वायव्येकडून व्यापारमार्गाने येत असे. गिलावा सेंद्रिय द्रव्यांनी बांधलेला असल्याने पाणी, बुरशी, कीटक व वटवाघळे हे त्याचे मुख्य शत्रू होत.

=== कथांची मांडणी ===

चित्रांतील बहुतेक प्रसंग बुद्धचरित्रातील व जातककथांतील आहेत. बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या या कथा तत्कालीन दर्शकाला मुखोद्गत असत. आजच्या दर्शकाला त्या ठाऊक नसल्यास भिंत म्हणजे केवळ माणसांची गर्दी वाटते. भेटीपूर्वी किमान विश्वंतर, महाजनक, षड्दन्त व शिबी या चार कथा वाचून घ्याव्यात. विश्वंतर हा राज्याचा मंगल हत्ती, नंतर स्वतःची मुले व अखेर पत्नीही दान करणारा राजपुत्र. महाजनक हा वैभव सोडून जाणारा राजा. षड्दन्त हा शिकाऱ्याला स्वतःचे सुळे देणारा गजराज. शिबी हा पारव्याच्या प्राणासाठी स्वतःचे मांस देणारा राजा. चारही कथांच्या मुळाशी दान व त्याग आहेत, हे ध्यानात ठेवल्यास चित्रांतील चेहऱ्यांवरचे भाव उलगडू लागतात.

कथेतील प्रसंग डावीकडून उजवीकडे ओळीने येतीलच असे नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवून दिल्याप्रमाणे अनेक ठिकाणी प्रसंगांची मांडणी काळानुसार नसून स्थळानुसार आहे. राजवाड्यात घडलेले सर्व प्रसंग एका जागी, अरण्यात घडलेले दुसऱ्या जागी, मग ते कथेत कितीही अंतराने येवोत. म्हणून एकच व्यक्ती एकाच भिंतीवर अनेकदा दिसते. प्रथम प्रमुख व्यक्ती वर्ण, मुकुट किंवा वस्त्र यांवरून ओळखावी आणि नंतर ती कोठे कोठे आली आहे हे शोधावे, ही पद्धत उपयुक्त ठरते.

=== अंधाराची सवय ===

बाहेरच्या प्रखर उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना मंद प्रकाशाची सवय होण्यास काही मिनिटे लागतात. चित्रे असलेल्या प्रमुख लेण्यांत एका वेळी ४० दर्शकांना सुमारे १५ मिनिटांपुरता प्रवेश देण्याचा नियम आहे. त्यातील पहिली पाच मिनिटे केवळ डोळे सरावण्यात गेल्यास पाहण्यास जेमतेम दहा मिनिटे उरतात. आपली पाळी येईपर्यंत ओसरीच्या सावलीत थांबावे, भ्रमणध्वनीचा पडदा पाहू नये व आत गेल्यावर आधी ठरविलेल्या दोन किंवा तीन चित्रांसमोरच उभे राहावे. सर्व भिंती पाहण्याच्या घाईत कोणतेच चित्र लक्षात राहत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे.

== प्रतिकृती आणि त्यांची हानी ==

अजिंठ्याची चित्रे प्रतिकृतींच्या रूपाने बाहेरच्या संग्रहालयांत जतन करण्याचे प्रयत्न गेली पावणेदोनशे वर्षे होत आले आहेत. मूळ भिंतींचे महत्त्व कळण्यासाठी या प्रयत्नांचा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे.

१८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. गिल यांनी अनेक वर्षे अजिंठ्यास राहून मोठ्या आकाराची तैलचित्रे केली. ती लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित असताना डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत बहुतेक सर्व नष्ट झाली. गिल यांचे १८७९ मध्ये निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. त्यांची सहचरी पारो हिची कबर अजिंठा गावात असून, या दोघांच्या जीवनावर कवी ना. धों. महानोर यांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले.

गिल यांच्या प्रती जळाल्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा हाती घेतले. सुमारे तीनशे प्रती तयार होऊन लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयात पोहोचल्या. तेथेही १८८५ मध्ये आग लागून शंभराहून अधिक प्रती गेल्या. उरलेल्या प्रती आज त्याच संग्रहालयात, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांतील ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक चित्रभाग त्यानंतर भिंतीवरून नाहीसे झाले असल्याने या प्रती व हा ग्रंथ आता स्वतंत्र पुरावा ठरतात.

१९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा, सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन या तरुण चित्रकारांसह नव्या प्रती केल्या. नंदलाल बोस यांच्या पुढील कलेवर आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनातील अध्यापनावर या मुक्कामाचा खोल ठसा उमटला. यानंतर काही वर्षांनी आलेले जपानी चित्रकार अराई कान्पो यांनी आपल्या देशातील कागदावर घेतलेल्या प्रती टोकियो येथील विद्यापीठात ठेवण्यात आल्या होत्या. १९२३ च्या महाभूकंपानंतर लागलेल्या आगीत त्याही भस्मसात झाल्या.

अशा रीतीने साठ वर्षांहून कमी काळात तीन मोठ्या प्रतिकृतिसंग्रहांची आगीत पूर्णतः वा अंशतः हानी झाली. सुरक्षित समजली गेलेली संग्रहालये व विद्यापीठ येथील प्रती गेल्या आणि दीड हजार वर्षांची जुनी भिंत, जीर्ण का होईना, उरली.

== जतन आणि निर्बंध ==

एकोणिसाव्या शतकात लेण्यांची हानी मुख्यतः माणसांनी केली. काही हौशी प्रवाशांनी भिंतीवरील चेहरे कापून नेले. असा एक तुकडा अमेरिकेतील बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. प्रतिकृती करणाऱ्यांनीही रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढविले. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली जतनाचे पद्धतशीर काम सुरू केले आणि १९२० नंतर लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटविला, त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली. परंतु संरक्षणासाठी दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा व काळपट पडला. चांगल्या हेतूने केलेल्या उपायांचाही असा परिणाम झाल्यामुळे आजचे रसायनतज्ज्ञ अतिशय सावधपणे, थोडा थोडा भाग स्वच्छ करतात. नवव्या व दहाव्या लेण्यांतील अशा सफाईनंतर काजळीखाली दडलेले काही प्रसंग पुन्हा दिसू लागले.

सध्याचे निर्बंध या अनुभवातून आले आहेत :

* लखलखाट दिव्याने छायाचित्रे घेण्यास व तीव्र प्रकाशाचे दिवे वापरण्यास मनाई आहे. प्रखर प्रकाशाने रंग फिके पडतात. लेण्यांत कमी उष्णता देणाऱ्या मंद दिव्यांची योजना आहे.
* दर्शकांची संख्या व थांबण्याचा वेळ मर्यादित आहे. गर्दीमुळे आतील उष्णता, बाष्प व कर्बवायूचे प्रमाण वाढते आणि गिलावा फुगून सुटू लागतो.
* चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात. त्यामुळे धूळ आत जात नाही.
* भिंती, स्तंभ व शिल्पे यांना स्पर्श करू नये. हाताचा घाम व तेल यांचे डाग कायमचे राहतात.

चित्रांची छायाचित्रे हवी असल्यास ती स्वतः काढण्यापेक्षा छापील ग्रंथांतून पाहणे अधिक समाधानकारक असते. याझदानी यांचे चार भागांतील ग्रंथ (१९३०-१९५५) आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे अजिंठ्यावरील इंग्रजी पुस्तक (१९३२) जुन्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. अलीकडच्या काळात बिनॉय बहल यांनी मंद प्रकाशातच, चित्रांना अपाय न करता घेतलेली छायाचित्रेही प्रसिद्ध आहेत.

== पूरक स्थळे ==

फाट्याजवळ पर्यटन विभागाने जपानच्या अर्थसाहाय्याने उभारलेले अभ्यागत केंद्र आहे. तेथे १, २, १६ व १७ या चार लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती केल्या आहेत. मूळ लेण्यांवरील गर्दीचा ताण कमी व्हावा आणि लेणी पाहण्यापूर्वी चित्रांची ओळख व्हावी, हा त्यामागील उद्देश होता. हे केंद्र मध्यंतरी बंद राहिले असल्याने जाण्यापूर्वी ते सुरू असल्याची खात्री करून घ्यावी.

छत्रपती संभाजीनगर शहरात अजिंठ्याला पूरक ठरणारी काही स्थळे एकमेकांच्या जवळ आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. या विद्यापीठाने नागपूर विद्यापीठासह भोकरदन या प्राचीन नगराचे उत्खनन केले होते. भोकरदन हे अजिंठ्याच्या दक्षिणेस असलेले सातवाहनकालीन व्यापारी केंद्र असल्याने, लेण्यांना दान देणारे व्यापारी कोणत्या जगात वावरत होते याची कल्पना अशा अवशेषांतून येते. विद्यापीठालगतचा सोनेरी महाल आणि डोंगरातील औरंगाबाद लेणी एकाच सकाळी पाहता येतात. औरंगाबादच्या तिसऱ्या लेण्यातील गुडघे टेकून बसलेल्या उपासकांची शिल्पे अजिंठ्याच्या उत्तरकाळाशी निकटची आहेत. अजिंठ्याच्या आदल्या दिवशी ही स्थळे पाहिल्यास दुसऱ्या दिवशीच्या दर्शनाची उत्तम पूर्वतयारी होते. विद्यापीठीय संग्रहालये कार्यालयीन दिवशीच खुली असण्याचा संभव असतो. गटाने जावयाचे असल्यास संबंधित विभागाला आधी कळवावे.

== शैक्षणिक सहली ==

महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या सहली अजिंठ्यास येतात व अनेकांच्या बाबतीत ही एकमेव भेट ठरते. पन्नास-साठ विद्यार्थ्यांचा गट एकदम आत सोडला जात नाही. त्यामुळे वीस-वीसचे गट करून प्रत्येकाबरोबर एक शिक्षक द्यावा. एक गट चित्रे पाहत असताना दुसऱ्या गटाला एकोणिसाव्या किंवा सव्विसाव्या लेण्यातील शिल्पे दाखविता येतात. तेथे प्रकाश व वेळ यांची अडचण तुलनेने कमी असते.

सहलीपूर्वी वर्गात दोन जातककथा सांगून त्यांची छापील चित्रे दाखविल्यास मुले लेण्यात शिरताच ती शोधू लागतात. प्रत्येक विद्यार्थ्याला एकच चित्र वा एकच शिल्प नेमून देणे व परतल्यावर त्याविषयी दहा ओळी लिहावयास सांगणे हा उपाय सोपा व परिणामकारक आहे. स्तंभांवर कोरलेली नावे मुलांच्या नजरेतून सुटत नाहीत. दहाव्या लेण्यातील जॉन स्मिथची अक्षरे दाखवून, ज्याने लेणी जगापुढे आणली त्याच्याच हातून चित्राला इजा झाली, हे समजावून देता येते.

== सोयी व खबरदारी ==

पायथ्यापासून पहिल्या लेण्यापर्यंतच्या पायऱ्या उभ्या आहेत. पुढील वाटेवरही चढउतार आहेत. वृद्ध व अशक्त व्यक्तींसाठी डोलीची सोय मिळते. दर आधी ठरवून घ्यावा. चित्रे पाहताना पादत्राणे वारंवार काढावी लागत असल्याने सहज निघणारी पादत्राणे घालावीत. उन्हाळ्यात पायमोजे जवळ असावेत. पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे. लेण्यांत काही खाऊ नये. कड्यावर आग्या मोहोळाची पोळी असतात. आरडाओरडा, धूर व दगडफेक यांमुळे माश्या उठण्याचा धोका असतो.

नदीपलीकडील टेकडीवरून संपूर्ण नालाकृती रांग एका दृष्टिक्षेपात दिसते. हे दृश्य शक्यतो आरंभीच पाहावे. कोणते लेणे कोठे आहे हे त्यामुळे ध्यानात येते आणि आपला क्रम ठरविणे सोपे जाते. शेवटच्या लेण्यापासून पायथ्याची बस गाठण्यास अर्धा तास तरी हाताशी ठेवावा. दिवसाच्या अखेरीस बससाठी रांग लांबते.